बॉयलरवर ९ किलो, मशिनवर ४ किलो : मधलं प्रेशर जातं कुठं?

तिसरी_पाळी
नमस्कार मंडळी. इचलकरंजीत कापड रंगवायच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये मेंटेनन्स बघतो. गेल्या वर्षी नवीन जेट डाइंग मशिनं बसली आणि तेव्हापासून डोकेदुखी सुरू झाली. आमचा बॉयलर ४ टनी, म्हणजे तासाला ४ टन वाफ देणारा, चालतो ९ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला ९ किलो दाब; पुढंही दाबाचे किलो असेच). बॉयलर हाऊसपासून डाइंगच्या हेडरपर्यंत (जिथून वाफ वाटली जाते तो पाइप) ३ इंची लाइन आहे, साधारण ११० मीटर. तिथून मशिनांकडं ४० मीटरची २ इंची फांदी. सगळी मशिनं एकदम हीटिंगला लागली की फांदीच्या टोकाचं गेज साडेचारच्या आसपास येतं. पॉलिस्टरला १३० अंश लागतात. ११० पर्यंत बरं चढतं, पुढं नुसतं रखडतं. डाइंग मास्तर रोज माझ्या नावानं शंख करतो.

मालक म्हणतात बॉयलर लहान पडतोय, ६ टनी घेऊ. बॉयलरवाला म्हणतो माझं गेज बघा, काटा हलत नाही. लॅगिंगवाला म्हणतो लॅगिंग (पाइपवरचं उष्णतारोधक वेष्टन) जुनं झालंय, पाइप गार पडतो म्हणून प्रेशर बसतं. खरं कोणाचं?

फायरमन_भाऊ
बॉयलरवाला बरोबर बोलतोय. बॉयलर कमी पडला तर पहिल्यांदा त्याच्याच गेजचा काटा खाली येतोय. तितं ९ टिकून हाय म्हंजे वाफ तयार होतीया, पोचंना झालीया. नवीन बॉयलरचे पैसे घालू नका मालकांना सांगा.

अभ्यासू_कार्टं
मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला लॅगिंगवाल्याचं पटतंय. संपृक्त, म्हणजे पाण्यालगत असलेल्या वाफेचं तापमान आणि दाब एकमेकांना बांधलेले असतात. पाइपमधून उष्णता गेली की तापमान उतरणार आणि त्याबरोबर दाबही. चुकतंय का?

बाष्पकाका
अर्धं बरोबर आहे बाळा, आणि घोळ त्या अर्ध्यातच होतो. दाब आणि तापमान बांधलेले असतात हे खरं. ९ किलोला साधारण १७९ अंश, ७ ला १७०, ४ ला १५१. पण उष्णता बाहेर गेली म्हणून वाहत्या लाइनमधल्या संपृक्त वाफेचं तापमान उतरत नाही. त्यातल्या थोड्या वाफेचं पाणी होतं आणि उरलेली वाफ त्याच दाबाला, त्याच तापमानाला राहते. जेवढी वाफ पाणी होऊन कमी झाली तेवढी मागून बॉयलर ढकलतो, कारण लाइन त्याला उघडी आहे. त्यामुळं खराब लॅगिंगनं वाफ ओली होते आणि इंधन जळतं, पण प्रेशर पडायला ते कारण क्वचितच असतं.

आकड्यात सांगतो. ३ इंची बोडका पाइप, आत १८० अंश, बाहेर आपल्याकडची हवा. मीटरमागे अर्ध्या किलोवॉटच्या वर उष्णता जाते, म्हणजे तासाला साधारण एक किलो वाफेचं पाणी. ११० मीटरचा सगळा पाइप बोडका ठेवला तरी तासाला शंभर-सव्वाशे किलो. ४ टनाच्या बॉयलरला ही पाच किलो प्रेशर खाणारी चोरी नव्हे. पैशाच्या हिशेबात मात्र चोरीच आहे, म्हणून लॅगिंग कराच.

वाहत्या लाइनमध्ये दाब खातं ते घर्षण. तिसरी_पाळी, सगळी मशिनं चालू असताना तासाला वाफ किती जाते? आणि रात्री एकच मशिन चालू असताना टोकाचं गेज किती दाखवतं?

गूळपाक
वाचतोय. काका आले म्हणजे आता धागा रंगणार.

तिसरी_पाळी
काका, स्टीम मीटर नाही. फीड वॉटरच्या मीटरवरून धरलं तर सगळी मशिनं हीटिंगला असताना तासाला ३ टनांच्या आसपास. एकच मशिन असताना टोकाला ८ च्या वर दिसतं.

बाष्पकाका
मग निदान जवळजवळ झालंच. लॅगिंगचा दोष असता तर रात्रीही तेवढाच दिसला असता, पाइप रात्री काही कमी गार पडत नाही. तुमचा दाबाचा घसारा लोडबरोबर वाढतोय, म्हणजे वेगाचं प्रकरण आहे.

एवढं ध्यानात ठेवा : वाफ दीडपट नेली की दाबाचा घसारा सव्वादोनपट होतो, दुप्पट नेली की चौपट. व्यासाचं तर त्याहून कडक आहे. तेवढीच वाफ ३ इंचीऐवजी २ इंचीतून नेली तर मीटरमागे घसारा सात-आठपट. पाइप इंचानं कमी झाला असं दिसतं, पण इथं व्यासाचा पाचवा घात चालतो.

तुमच्या फांदीचा वेग काढा. हेडरला ८ किलो असेल तर तिथं एक किलो वाफ २१०-२१५ लिटर जागा घेते. तासाला ३ टन २ इंचीतून नेले तर सेकंदाला ८० मीटरच्या वर वेग येतो. संपृक्त वाफेला २५ ते ४० मीटर पुरे म्हणतात, ओल्या वाफेला त्याहून कमी. शिवाय दाब जसा पडतो तशी वाफ फुगते, फुगते तसा वेग वाढतो, आणि वाढलेला वेग आणखी दाब खातो. शेवटच्या दहा मीटरला पहिल्या दहा मीटरपेक्षा कितीतरी जास्त प्रेशर जातं ते यामुळं. टोकाला वेग सव्वाशेच्या घरात असेल. लाइनखाली उभं राहिलं तर शिट्टीसारखा आवाज येतो का?

तिसरी_पाळी
येतो! आम्ही समजत होतो व्हॉल्व्हची सीट गेली. दोन सीटा बदलल्याही.

चहाटळ
माझा संबंध फक्त कुकरशी, तरी वाचायला मजा येतेय. आमच्या कुकरात किती किलो असतं हो काका?

बाष्पकाका
शिट्टीच्या वजनावर साधारण एक किलो, म्हणून आत १२० अंश. डाळ शिजते ती त्या वाढीव २० अंशांनी.

गूळपाक
यावरून आमच्या बाजूचं एक सांगतो. साखर कारखान्यात टर्बाइनमधून बाहेर पडलेली एक्झॉस्ट वाफ रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरला जाते, दीड किलोच्या आसपास. बॉयलरला १० चे ९ झाले तर १८३ चे १७९ होतात, म्हणजे किलोमागे ४ अंश. आमच्याकडं दीडाचे १.२ झाले, म्हणजे नुसते तीन पॉइंट गेले, तरी १२७ चे १२३. तेच ४ अंश. खालच्या दाबाला प्रत्येक पॉइंट महाग. आमच्या एक्झॉस्ट लाइनी माणूस वाकून आत जाईल एवढ्या मोठ्या का असतात, असं नवी पोरं विचारतात, त्याचं उत्तर यात आहे. तिथं अर्धा किलो घालवणं परवडतच नाही.

आणि तुमचं ११० नंतर रखडण्याचं कारणही हेच. उष्णता वाहते ती वाफ आणि पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर. १७० ची वाफ असेल तर रंगाच्या १३० च्या बाथला ४० अंशांचा फरक मिळतो. १५१ ची असेल तर २१ चा. शेवटाला हीटिंग निम्म्यावर येणारच. डाइंग मास्तरची चूक नाही.

अभ्यासू_कार्टं
काका, मग वाफ गार पडल्यानं दाब कधीच पडत नाही का?

बाष्पकाका
पडतो, आणि जोरात पडतो. फक्त लाइन बॉयलरपासून तोडल्यावर. स्टॉप व्हॉल्व्ह बंद केला की आतली वाफ गार होऊन तिचं पाणी होतं आणि मागून भरायला कोणी नसतं. वातावरणाच्या दाबाला एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे-सतराशे लिटर जागा घेते. ती पुन्हा पाणी झाली की मागं राहते पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम. तुझं म्हणणं बंद डब्याला तंतोतंत लागू आहे. उघड्या वाहत्या लाइनला नाही.

फायरमन_भाऊ
ह्याचा तमाशा मी बगितलाय. एका ठिकानी जिगरमध्ये (कापड रंगवायच्या मशिनमध्ये) डायरेक्ट वाफंचा पाइप सोडलेला, रंगात बुडलेला. रात्री वाफ बंद केली की लाइन गार व्हायची आन् ते रंगाचं पाणी वर ओढायची. सकाळी ड्रेन कॉक उघडला की निळंशार पाणी. मालकाला वाटलं बॉयलरात रंग गेला. मग प्रत्येक जिगरवर व्हॅक्यूम ब्रेकर (पोकळी झाली की हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) बसवला तवा मिटलं.

चहाटळ
निळंशार पाणी 😄 मालकाचा चेहरा बघायला हवा होता.

तिसरी_पाळी
व्हॅक्यूम ब्रेकर आमच्याकडं एकही नाही. लिहून ठेवतो.

काल दिवसा, सगळी मशिनं हीटिंगला असताना, चार ठिकाणी गेज लावून रीडिंग घेतली. बॉयलर ९.२, बॉयलर हाऊसचा हेडर ९, डाइंगचा हेडर ८.२, फांदीचं टोक ४.६. म्हणजे ११० मीटरला पाऊण-एक किलो आणि पुढच्या ४० मीटरला साडेतीन.

बाष्पकाका
छान काम केलंत. फांदीच्या टोकाचं गेज कुठं बसवलंय? टॅपिंग वर आणि गेज डोळ्यांसमोर, असं आहे का?

तिसरी_पाळी
हो. पाइप वर ट्रसला आहे, तिथून पाव इंची नळी खाली आणून खांबावर गेज लावलंय. मधली उंची ५ मीटर असेल.

बाष्पकाका
मग ४.६ मधून अर्धा किलो वजा करा. त्या नळीत पाणी उभं असतं, आणि असायलाच हवं, नाहीतर वाफ थेट गेजमध्ये जाऊन आतली नळी भाजेल. पण ५ मीटर पाण्याचा स्तंभ अर्धा किलो वाढवून दाखवतो. खरा दाब ४.१. बॉयलरवरच्या गेजला जो वळसा असतो, ज्याला आपण सायफन म्हणतो, तो या पाण्यासाठीच असतो.

खात्री करायची तर तापमान घ्या. संपृक्त वाफेचा हा मोठा फायदा, थर्मामीटरही प्रेशर गेजचं काम करतो. पाइपचा थोडा भाग खरवडून थर्मोकपल घट्ट बांधा आणि वरून लॅगिंग लपेटा. दोन-तीन अंश कमी दाखवेल, तेवढं चालतं.

तिसरी_पाळी
केलं. १५० दाखवतंय. म्हणजे ४ च्या आसपासच. काका, दंडवत.

गूळपाक
थर्मामीटरच्या बाबतीत एक पुस्ती. तापमान गेजच्या मानानं फारच कमी आलं तर आधी हवा शोधायची. गेज हवा आणि वाफ दोन्हींचा मिळून दाब दाखवतं, तापमान मात्र वाफेच्या वाट्याच्या दाबाचं असतं. ३ बारला (बार म्हणजे जवळपास किलोच) आत दहा टक्के हवा राहिली तर १४४ ऐवजी १४० मिळतात. सकाळी लाइन चालू करताना एअर व्हेंटमधून हवा नीट सोडली नाही की पहिला बॅच हमखास रखडतो.

बाष्पकाका
बरोबर. आता तिसरी_पाळी, माझ्या हिशेबानं स्वच्छ २ इंची फांदीत ३ टनांना बेंड-व्हॉल्व्ह धरून सव्वातीन किलोच्या आसपास जायला हवेत. तुमचे ४.१ जातायत. जास्तीचे पाऊण-एक किलो कुठंतरी अडकलेत. फांदीवर स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी जाळी, आहे का?

तिसरी_पाळी
आहे, वाय टाइप. बसवल्यापासून उघडलेला नाही.

फायरमन_भाऊ
घ्या. गावला चोर.

तिसरी_पाळी
रविवारी उघडला. जाळीत वेल्डिंगचे खडे, गंजाच्या खपल्या आणि टेफ्लॉन टेपचा गोळा. अर्ध्याहून जास्त जाळी बुजलेली. साफ करून बसवला, टोकाला खरे ४.९ मिळायला लागले. मास्तर म्हणतो फरक आहे पण पुरेसा नाही.

आणखी एक दिसलं. स्ट्रेनरचा पाय (जाळी बसते तो तिरका भाग) खाली केलेला होता. त्यात पाणी भरलेलं, उघडताच भसकन अंगावर आलं असतं. हेल्परनं लाइन आधी ड्रेन केली होती म्हणून वाचलो.

बाष्पकाका
वाफेच्या आडव्या लाइनवर स्ट्रेनरचा पाय आडवा ठेवायचा, खाली नाही. खाली ठेवला की पाण्याचा खड्डा होतो, आणि ८० मीटरच्या वेगानं जाणारी वाफ त्यातलं पाणी उचलून पुढच्या बेंडवर आपटते. रिड्युसरलाही तेच. लाइन लहान करताना वरचा भाग उतरता आणि तळ सपाट असलेला रिड्युसर घ्यायचा. तुमच्या ३ इंचीवरून २ इंचीला जाताना साधा गोल रिड्युसर असेल तर त्याच्या मागं कायम पाणी साचलेलं असणार.

पार्सिपनीकर
पाणी आपटण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी न्यू जर्सीत राहतो, पलीकडं मॅनहॅटनमध्ये रस्त्याखालून वाफेच्या लाइनी आहेत. १८८२ पासून तिथं इमारतींना वाफ विकली जाते. १८ जुलै २००७ ला लेक्झिंग्टन अव्हेन्यू आणि ४१ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर २४ इंची पाइप फुटला. पाइप १९२४ सालचा. भर संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला वाफ आणि चिखलाचा खांब इमारतींच्या उंचीला गेला, रस्त्याला खड्डा पडला. एका बाईंचा हृदयविकारानं मृत्यू झाला आणि अनेकजण जखमी झाले.

पहिल्या दिवशी सगळे म्हणत होते पाइप जुना होता म्हणून गेला. तपासात वेगळंच निघालं. त्या दिवशी जोराचा पाऊस झाला होता. गार पाणी पाइपभोवती साचलं, आत भराभर पाणी तयार व्हायला लागलं. ते काढायला जे स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे) होते ते बुजलेले होते, कारण आधी एका जोडाची गळती थांबवायला आत भरलेलं एपॉक्सी त्यांच्यात जाऊन बसलं होतं. साचलेल्या गारसर पाण्यात वाफेचा फुगा अडकला, क्षणात त्याचं पाणी झालं, आणि त्या पोकळीत चहूबाजूंनी पाणी धावलं. तिथं जो दाब निर्माण झाला तो लाइनच्या नेहमीच्या दाबाच्या कितीतरी पट.

अभ्यासू_कार्टं
बाप रे. म्हणजे तिथं काकांचे दोन्ही मुद्दे एकत्र आले. वाहत्या लाइनमध्ये गार पडण्यानं दाब पडत नाही, पण पाणी साचलं तर तोच गारवा व्हॅक्यूम करतो.

बाष्पकाका
बरोबर पकडलंस. म्हणून लॅगिंगवाल्याला मी पूर्ण खोटं ठरवलं नाही. तो कारण चुकीचं सांगत होता, पण जास्त थंडावा म्हणजे जास्त पाणी, आणि पाणी निघालं नाही तर हे सगळं पुढं येतं. पाइपला वाफेच्या दिशेनं शंभराला एक उतार द्यायचा, तीस ते पन्नास मीटरवर ड्रेन पॉकेट (पाणी उतरायला लाइनखाली जोडलेला पाइपचा तुकडा) आणि ट्रॅप, आणि पॉकेट मेन लाइनच्या व्यासाचं. लाइनला अर्धा इंची नळी टोचून ट्रॅप लावलेला बघतो तेव्हा चीड येते. त्या वेगाला पाणी एवढ्याशा भोकात उतरेल कसं, वरून उडून जाणार.

आणि सकाळी मेन व्हॉल्व्ह एकदम उघडू नका. गार लाइनीत ढिगानं पाणी होतं तेव्हाच. फायरमन_भाऊ सांगतील.

फायरमन_भाऊ
मी तर आदी सगळे ड्रेन उघडतो, मग व्हॉल्व्ह चिमटीएवढा. लाइन ठकठक करायची थांबली की मगच फुडं. घाई करणाऱ्या सुपरवायझरला म्हनतो तू उघड, मी भाईर थांबतो.

तिसरी_पाळी
मालकांशी बोललो. ६ टनी बॉयलर बारगळला 🙏 फांदी बदलायला तयार आहेत. आता प्रश्न असा, दुसऱ्या एका सल्लागारानं सुचवलंय की २ इंचीच ठेवा, बॉयलर हाऊसमध्येच पीआरव्ही (दाब उतरवणारा व्हॉल्व्ह) बसवून ५ किलोनं वाफ पाठवा, म्हणजे प्रेशर स्थिर राहील.

बाष्पकाका
स्थिर राहील, पण चुकीच्या जागी. कमी दाबाची वाफ फुगलेली असते. १ टन वाफ १० किलोला २ इंचीतून सेकंदाला २३ मीटरनं जाते. तीच ३ किलोला २ इंचीतून ६० मीटरच्या घरात जाईल, ३ इंची लागेल. म्हणून लांब पाठवायची ती जास्त दाबानं, आणि दाब उतरवायचा तो मशिनजवळ. पीआरव्हीच्या पुढचा पाइप मागच्यापेक्षा मोठा लागतो, हेही बरेच ठिकाणी विसरतात. पुढं त्याच साइजचा पाइप जोडतात आणि पीआरव्हीला शिव्या घालतात.

अभ्यासू_कार्टं
पीआरव्हीत दाब पडतो तेव्हा उष्णता वाया जात नाही का?

बाष्पकाका
नाही. तिथं काम होत नाही, उष्णता बाहेर जात नाही, एकूण उष्णता तेवढीच राहते. तापमान उतरतं, पण वाफ थोडी सुकते. १० किलोला ९७ टक्के कोरडी असलेली वाफ ३ किलोवर आणली की साधारण ९९ टक्के कोरडी होते. पण पीआरव्हीच्या आधी सेपरेटर लावून पाणी काढलेलं बरं, नाहीतर सीट कापली जाते.

गूळपाक
लोड एकदम घेण्याबद्दलही बोला काका. त्यांची सगळी मशिनं एकदम हीटिंगला लागतात. आत्ता २ इंची फांदी अडवतेय म्हणून बॉयलर निवांत आहे. ३ इंची केली की तो झटका बॉयलरला बसणार.

बाष्पकाका
हे फार नेमकं बोललात, मी लिहिणारच होतो. दाब १० वरून ७ वर एकदम आला तर बॉयलरमधलं पाणी १८३ अंशांचं असतं आणि ७ किलोला ते १७० च्या वर राहू शकत नाही. दर हजार किलो पाण्यातून २७-२८ किलो वाफ आतल्या आत सुटते. बुडबुड्यांनी पाणी फुगतं, गेज ग्लासात पातळी वर दिसते, पाणी भरणारा फीड पंप आपोआप थांबतो, आणि फुगलेलं पाणी वाफेबरोबर लाइनीत जातं. पाणी कमी होत असतं आणि काच दाखवते भरपूर. यावर उपाय तांत्रिक कमी, शिस्तीचा जास्त. मास्तरांना सांगा मशिनं पाच-दहा मिनिटांच्या अंतरानं हीटिंगला टाका.

आणि फांदी बदलताना साधा पाइप वापरू नका. साडेतीन किलोच्या वर दाब असला की ती कायद्यानं स्टीम पाइप ठरते, आयबीआरची (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स). पाइप, फिटिंग, वेल्डर सगळं त्यातलं लागेल, आणि काम सुरू करायच्या आधी ड्रॉइंग बॉयलर खात्याकडून मंजूर करून घ्या.

तिसरी_पाळी
मंडळी, उशिरा लिहितोय. फांदी ३ इंची झाली, आयबीआरचं सगळं सोपस्कार करून. मध्ये एक आणि टोकाला एक ड्रेन पॉकेट, स्ट्रेनर आडवा, जिगरांवर व्हॅक्यूम ब्रेकर. गेजही वर ट्रसजवळ नेलं. सगळी मशिनं चालू असताना टोकाला ७.६, हेडरला ८.१. शिट्टी गेली. १३० ला रखडत नाही. बॉयलर मात्र आता ९.२ वरून ८.५ ला येतो झटक्याला. मास्तर अंतरानं मशिनं टाकायला तयार नाही, म्हणतो शेड्यूल बिघडतं.

गूळपाक
त्याला एकदा गेज ग्लाससमोर उभा करा, हीटिंग टाकायच्या वेळी.

फायरमन_भाऊ
आन् शेजारी मला. समजावून सांगतो.

तिसरी_पाळी
सोमवारी पहिल्या पाळीला आणतो त्याला. हेडरवरचा जुना गोल रिड्युसर काढला, तिथं आता लाइन लहान होत नाही, तुकडा बदललाय. मेन लाइनला ११० मीटरात एकच ट्रॅप आहे, तो पुढच्या शटडाऊनला तीन करायचे आहेत. काका, पॉकेटची खोली किती ठेवू?

बाष्पकाका
३ इंची लाइनला ३ इंचीच पॉकेट, खोली किमान १०० मिलिमीटर, ट्रॅपची नळी बाजूनं काढा, तळाशी नाही. तळाला ब्लो-डाऊन कॉक ठेवा, गाळ तिथं बसतो. फोटो टाका झाल्यावर.